तिसऱ्या मजल्याचा मास्क

— छे छे, पासवर्ड काय, लिहून देईन कागदावर, पण पासवर्ड मिळाला म्हणजे चार्ज मिळाला असं नाही बाई. हा नेटवर्कचा नकाशा डोक्यात बसला पाहिजे. ओढ ती खुर्ची, बस. आणि तो मोबाईल ठेव आता बाजूला, लेकीला सकाळपासून तीनदा फोन झालाय तुझा, तुझी इकडं बदली झाली तरी तिकडं गावी शाळेतून सुखरूप येईल ती. हं. तर आपल्याकडं कॉम्प्युटरना वाटायला दोनशे छप्पन्न नंबर — शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत — आणि मजले चार. मी काय केलं? चार तुकडे केले, चौसष्ट-चौसष्टचे. पहिला तुकडा, शून्य ते त्रेसष्ट, तिसऱ्या मजल्याला. का? कारण नकाशा विभाग सगळ्यांत आधी राहायला आला, बाकीचे मागून आले. त्यातला पहिला नंबर म्हणजे त्या तुकड्याचं नाव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, हे दोन कुणाला द्यायचे नाहीत. राहिले बासष्ट. आणि राउटर — बाहेर जायचा दरवाजा — त्याला सगळे उरलेल्यांतला पहिला नंबर देतात, मी उरलेल्यांतला शेवटचा देते. बासष्ट. का म्हणून विचारू नकोस, माझी खोड आहे, अकरा वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

आता मास्क. मास्क म्हणजे आपलं घर कुठं संपतं हे यंत्राला सांगणारा आकडा, बास, पुस्तकात उगाच चाळीस पानं लिहितात. चौसष्टचं घर असेल तर दोनशे छप्पन्नातून चौसष्ट वजा, शेवटी एकशे ब्याण्णव. बत्तीसचं असेल तर दोनशे चोवीस. तो आकडा चुकला की गेलंच सगळं. म्हणजे बघ, यंत्राचा नंबर एकवीस, आणि मास्क टाकला दोनशे चोवीस, तर त्याला वाटतं आपलं घर एकतीसला संपलं. दरवाजा कुठं? बासष्टला! म्हणजे घराबाहेर जायचं तर दरवाजातून जायचं, आणि दरवाजाच घराबाहेर. बसलं बिचारं कोंडून. हसतेस काय? मीच टाकला होता. हो, मीच. चौथ्या मजल्यावर बत्तीसचे तुकडे करून बघत होते, तोच आकडा घाईत तिसऱ्यावर पडला. हे साहेबांना माहीत नाही, तू पण विसरून जा.

ते एकवीस नंबरचं यंत्र नकाशेवाल्यांचं. रस्त्यांचे, गटारांचे नकाशे काढतात ते, खिडकीजवळ बसतात, उंच, थोडे वाकून चालतात — ते जाऊ दे. मी गेले, माझी चूक मला दिसली, आता हा माणूस बोंब मारणार म्हणून तयारीत होते. तर हे म्हणतात, कुणाला सांगत नाही, पण दोनशे चोवीसनं नेमकं काय झालं ते मला सांगा. अगं, अकरा वर्षांत एका माणसानं विचारलं नाही मला! सगळ्यांचं आपलं एकच — नेट कधी येणार, नेट कधी येणार. दोन तास बसले मी. त्यांनी पारदर्शक कागदावर चौकोन काढले, निम्मे केले, परत निम्मे केले, आणि मान वर करून म्हणाले, म्हणजे आकडा वाढत गेला की घर लहान होत जातं? मी बघतच राहिले. इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना सहा महिने लागतात इथवर यायला.

पण यंत्र करंटं! मी एकशे ब्याण्णव करून आले, तर तीन आठवड्यांनी परत बंद. जाऊन बघते तर दोनशे चाळीस. हे मी टाकलेलं नाही, शपथ. मग पुढच्या महिन्यात दोनशे अठ्ठेचाळीस. बॅटरी बदलली, कार्ड बदललं, कंपनीच्या माणसाला फोनवर इतकं झापलं की त्यानं मला ताई म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली. कशानं होतं, देवाला ठाऊक. ही बघ फाईल, त्यांच्या चिठ्ठ्यांची. माझा नियम आहे, तक्रार करायची तर पडद्यावरचे आकडे लिहून पाठवायचे. बाकीचे लिहितात ‘लवकर या’. हे आकडे लिहितात, खाली पट्टीनं रेघ मारतात. अक्षर बघ की! नाही, बाकीच्यांच्या नाही ठेवल्या. कशाला ठेवू?

मी गेले की ते आपली खुर्ची मला देतात आणि स्वतः स्टुलावर बसतात. चहा येतो, बिनसाखरेचा. मी कधी सांगितलं नव्हतं हं साखर नको म्हणून, त्यांनीच बघून ठेवलेलं. चौकीदार म्हणतो, बाई तिसऱ्या मजल्यावर जाताना केस विंचरून जातात. त्याला काय उद्योग आहे!

बदली? मीच मागितली बदली. इथं काय ठेवलंय माझं? आई होती तोवर कुणीतरी दार उघडायला होतं. आता आपणच कुलूप लावायचं, आपणच काढायचं. दुसरं गाव, दुसरी माणसं, म्हटलं बघू. ते टेबलावर आहे ना, बदलीचं संमतिपत्र, पाच वाजेपर्यंत सही करून साहेबांकडं द्यायचं, मग विषय संपला; नाही दिलं तर आपल्या दोघींची बदली रद्द. सोमवारी मी नकाशेवाल्यांना सांगितलं, जातेय म्हणून. तर म्हणाले, हो का. एवढंच! आणि टोक असलेल्या पेन्सिलीला परत टोक करत बसले. दोन दिवस मला इतका राग आला होता — का आला ते मलाच कळेना. रडलेसुद्धा. कुणाच्या ‘हो का’वर रडायचं वय आहे का माझं, त्रेचाळीस पूर्ण झाली!

काय आलं? चिठ्ठी? तिसऱ्याचीच ना? बघ, मी म्हटलं नव्हतं! वाच. किती? नीट वाच गं. दोनशे बावन्न? बरं झालं, तुझी परीक्षाच घेऊ. दोनशे बावन्न म्हणजे किती नंबरांचं घर? चारचं, बरोबर. एकवीस कुठल्या चारात येतो? वीस, एकवीस, बावीस, तेवीस. शाब्बास. वीस म्हणजे तुकड्याचं नाव, तेवीस हाक मारायला, म्हणजे राहायला उरले दोनच. याहून लहान घर करायची सोयच नाही, दोघांपुरतं. एकवीस तो स्वतः. आणि बावीस —

बावीस कुणाचा काय विचारतेस, बावीस माझा. मी वर गेले की माझा लॅपटॉप लावते ना तपासायला, त्याला देते तो नंबर.

थांब.

थांब जरा, बोलू नकोस. चाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न. यंत्र आपोआप बिघडलं तर काहीही आकडा येईल, घर असं सोळा, आठ, चार नेमकं निम्मं-निम्मं करत कसा येईल? हे तर शिकलेल्या माणसाचं काम. आणि शिकवलं कुणी? मी! मी बॅटऱ्या बदलत बसले गं. बॅटऱ्या!

हसू नकोस. हस, हस, तुझी तर चांदी झाली, लेकीला सांग आई परत येतेय म्हणून. ते पत्र साहेबांकडं नेऊ नकोस. फाड — नको, मीच फाडते.

पाणी दे. नको, राहू दे पाणी, तो लॅपटॉप दे इकडं. दुरुस्त? मुळीच नाही दुरुस्त करणार. माझ्या लॅपटॉपचाही मास्क दोनशे बावन्न करायचाय. हो, मुद्दाम! सरक, मीच करते. आणि पाचपर्यंत कुणाचाही फोन आला तर सांग, बाई तिसऱ्या मजल्यावर आहेत, आज खाली येणार नाहीत. जा आता तू.