सगळ्यांना फाइव्ह-नाइन

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाचं नाव तुम्हाला ऐकू येत नाही, गाव ऐकू येत नाही, तो बोलतोय की कुणी तेलात पापड सोडलाय हेसुद्धा धड कळत नाही, त्याला 'आपला आवाज अगदी खणखणीत येतोय' असं सांगायचं, आणि लगेच पुढच्या श्वासाला 'नाव परत सांगा, काही कळलं नाही'... ह्याला काय म्हणायचं? थाप? छे, छे, छे! ह्याला म्हणायचं शिष्टाचार! आणि हा शिष्टाचार पाळला नाही म्हणून माझ्यासारख्या बाईला, जिला आष्ट्याच्या शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं, तिला चार गावांत तोंड लपवायची पाळी यावी?

तुम्हाला सांगते, पहिल्यापासून सांगते. आमचे हे मिलिटरीत सिग्नलला होते. पेन्शन घेऊन सांगलीला आले आणि मला वाटलं, आता घरात शांतता! कसली शांतता? परीक्षा देऊन दिल्लीचं लायसन काढलं, मिलिटरीच्या डिस्पोझलमधून हा एवढा जुना वायरलेस सेट उचलून आणला, नारळापासून गच्चीपर्यंत तार ताणली, आणि पुढच्या खोलीत बसून बोलायला लागले. कुणाशी? कुणाशीही! मद्रासचा डॉक्टर, इंदूरचा मास्तर, साताऱ्याचे नाथाजीभावजी. हे नाथाजीभावजी ह्यांच्याच पलटणीतले, एका तंबूत राहिलेले. ह्या लोकांना हॅम म्हणतात. आणि हॅम भेटला की पहिलं काय करायचं, तर एकमेकांच्या आवाजाला मार्क द्यायचे. शब्द कळतात किती, त्याला पाचापैकी, आणि जोर किती, त्याला नवापैकी. म्हणजे फाइव्ह-नाइन म्हणजे पैकीच्या पैकी.

आता एरवीच्या दिवशी आमचे हे मार्कांच्या बाबतीत इतके कडक, की विचारू नका. "थ्री-फोर, मास्तर. घरघर यायला लागलीया." स्पष्ट! घरातही तसंच. आमटीचा भुरका मारला की, "मीठ कमी हाय." तोंडावर! मला राग यायचा, पण मनात म्हणायची, माणूस खरा आहे. खोटं बोलून गोड होण्यापेक्षा बरा.

पण वर्षातून एक रविवार येतो. कॉन्टेस्ट! सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं. 'बोलायचं' म्हणजे काय, तर मार्क द्यायचे, आपला नंबर सांगायचा, त्याचा नंबर घ्यायचा आणि पुढे. पाणी पिता येणार नाही एवढ्या वेळात एक माणूस संपला! आणि त्या दिवशी सगळे पास. सगळे पहिल्या वर्गात. "फाइव्ह-नाइन, ओल्ड मॅन, फाइव्ह-नाइन!" मी म्हटलं, "अहो, आत्ताच्या त्या माणसाचं तुम्ही चार वेळा नाव विचारलंत, मग पैकीच्या पैकी कसे?" तर म्हणतात, "आगं, शिष्टाचार हाय त्यो. येळ जात न्हाई."

आणि ते 'ओल्ड मॅन' ऐकलंत ना? तेही शिष्टाचारातच बसतं. विलिंग्डन कॉलेजातलं कालचं पोर, मिसरूड फुटायची आहे, ते आमच्या ह्यांना म्हणतं 'ओल्ड मॅन', आणि हे खूश! तेच शेजारच्या राहीबाई एकदा म्हणाल्या, "तुमचं म्हातारं कुटं दिसंना?" तर आठ दिवस त्यांच्या दारावरून जायचं बंद.

भांडणसुद्धा शिष्टाचारात. सुरू करण्याआधी विचारायचं, 'ही जागा रिकामी आहे का?' जागा म्हणजे सेटच्या काट्यावरची. तीनदा विचारायचं. उत्तर यायच्या आत सुरू करायचं. मग तिथे आधीच बसलेला माणूस चिडतो, पण शिव्या द्यायला बंदी! मग तो काय म्हणतो? "माय डिअर ओल्ड मॅन, तुमचा आवाज फारच सुंदर येतोय, कृपा करून तिकडे सरकता का?" हे म्हणतात, "माय डिअर ओल्ड मॅन, आपलाही फारच सुंदर, आपणच सरका ना." अर्धा तास! दोघांच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि तोंडाने काय, तर फाइव्ह-नाइन! आमच्या नळावर ह्यापेक्षा बरं. तिथे निदान कोण कुणावर चिडलंय ते तरी कळतं.

बरं, हा खेळ एवढा जिवाला लावून घ्यायचं कारण काय? तर नाथाजीभावजी. अलीकडे सेटवर बसतात ते फक्त कॉन्टेस्टला, पण तीन वर्षं लागोपाठ पहिले! तांब्याची ढाल मिळते, ताटाएवढी. आमच्या ह्यांनी पहिल्याच वर्षी पुढच्या खोलीत ढालीसाठी खिळा ठोकून ठेवला होता. तीन वर्षं त्या खिळ्याला ह्यांची टोपी. येणारा-जाणारा विचारायचा, "एवढा मोठा खिळा टोपीला?" आणि ह्यांचा चेहरा असा व्हायचा... मला बघवायचं नाही हो. गेल्या खेपेला तर दोन माणसं कमी पडून गेली ढाल. का? तर अक्षर! कमिटीला वही पाठवायची असते, कुणाशी कधी बोललो, काय मार्क दिले, काय घेतले. ह्यांचा सात म्हणजे एक वाटतो आणि एक म्हणजे डास मेल्यासारखा. कमिटीने तीन माणसं कापली.

तेव्हा मीच म्हटलं, म्हटलं म्हणजे काय, माझ्याच तोंडाने धोंडा पाडून घेतला, "ह्या वर्षी वही मी लिहिते." हे हरखले. नियमाचा कागद काढला. तीन पानं, इंग्रजी. डिक्शनरी घेऊन मी दोन दुपारी तो सगळा वाचला. ह्यांनी तरी कधी सबंध वाचला होता की नाही कोण जाणे! नियम अकरा, लिहायला एक माणूस चालेल, पण स्पर्धेच्या वेळात त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि नियम सात, नीट ऐका बरं का, नियम सात! 'प्रत्येकाने आवाजाचे मार्क खरे द्यावेत आणि खरे लिहावेत.' स्वच्छ छापलंय.

उजाडला रविवार. मी पहाटेच भाकऱ्या टाकल्या, आंघोळ केली, शेजारी बसले, पेन्सिली सहा. आणि बारा तास तोंड मिटून! एका बाईला बारा तास! राहीबाई दारातनं ओरडतायत, "आवं वैनी, तुमचं मालक आमच्या रेडिओत आल्यात की! शेतकऱ्याच्या कार्यक्रमात कांद्याचा भाव सांगंत हुते, तर मधीच फायनान-फायनान वरडाय लागलं!" मी नुसते हात जोडले. त्यांना वाटलं माझी वाचा गेली. घाबरून जोतिबाचा अंगारा आणला बिचारीने, तो लावून घेतला, पण बोलले नाही. नियम म्हणजे नियम!

साडेदहाला नाथाजीभावजी आले. सेटवर हो. त्यांच्या सुनेचे दिवस भरलेले, तिकडून आठ दिवस पत्र नाही. मला वाटलं, आता हे विचारतील. कसले विचारतायत! "फाइव्ह-नाइन, झीरो-फोर-वन." तिकडून खरखर, खरखर, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसं, "फाइव्ह-नाइन... नंबर परत सांग... परत सांग..." मी ह्यांच्यापुढे हातांचा पाळणा करून हलवला. विचारा की, मुलगा का मुलगी? ह्यांनी डोळे वटारले. मी आणखी जोरात हलवला. हे म्हणाले, "थँक्यू, सेव्हंटी-थ्री," म्हणजे ह्यांच्या भाषेत रामराम, आणि पुढच्या माणसाला हाक! एका तंबूत राहिलेली माणसं हो ही!

आणि इथेच, तुम्हाला सांगते, सकाळच्या पहिल्या माणसापासून इथेच सगळी गोम होती. कारण त्या रकान्यात मी काय लिहायचं? 'दिलेले मार्क.' तोंडाने ह्यांनी म्हटलं फाइव्ह-नाइन. पण आवाज मीही ऐकत होते, चार वर्षं भाकरी थापता थापता ऐकते आहे, मला कळत नाही का? तो थ्री-थ्री होता. विचारावं, तर नियम अकरा. तोंड बंद. मग मी सकाळीच आपला विचार केला होता. पाहुण्याला आपण म्हणतोच की, 'छे हो, त्रास कसला, घर तुमचंच आहे,' पण म्हणून तलाठ्याच्या कागदावर घर त्याच्या नावावर लिहून देतो का? तोंडाने बोलायचं ते सौजन्य, आणि कागदावर लिहायचं ते खरं. शाळेत आम्हाला हेच शिकवलं. आणि नियम सात तर समोरच होता! मी सकाळी सहापासून तेच करत आले होते, संध्याकाळी सहापर्यंत तेच केलं. थ्री-थ्री. फोर-फाइव्ह. टू-थ्री. एका बिचाऱ्याला तर वन-टू. कुठे खाडाखोड नाही, सगळं मोत्यासारखं.

सहाला सेट बंद केला. चौऱ्याऐंशी माणसं! एवढी कधीच झाली नव्हती. ह्यांचा घसा बसला होता, डोळे लाल, पण वही उघडून नुसते अक्षराकडे बघत राहिले. म्हणाले, "छापल्यागत दिसतंय." नावं तपासली, नंबर तपासले. मार्कांचा रकाना? तो कोण बघतो! तिथे आयुष्यभर एकच लिहिलेलं असतं. 'मी सर्व नियम पाळले आहेत' ह्याच्याखाली सही ठोकली आणि सोमवारी रजिस्टर पोस्टाने रवाना. पोस्टातून आल्या आल्या खिळ्यावरची टोपी काढून दुसरीकडे ठेवली.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. हे उभ्याने वाचायला लागले, मग खुर्चीत बसले. तुमची वही आणि समोरच्यांची वही जुळत नाही. त्यांना मिळाले फाइव्ह-नाइन, तुमच्याकडे दिले थ्री-थ्री. सबब रद्द. रद्द. रद्द. चौऱ्याऐंशींपैकी सात जुळले. सात! म्हणजे उभ्या भारतात त्या दिवशी खरोखर फाइव्ह-नाइन येणारे सात! नाथाजीभावजींचे एकोणऐंशी. ढाल साताऱ्याला.

मी म्हटलं, "अहो, चुकलं का हो माझं?" ह्यांनी कागद परत पाकिटात घातला. उठले, टोपी आणली आणि परत खिळ्याला अडकवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मीच कमिटीला पत्र लिहिलं, मराठीत. 'नियम सात बघावा. चूक असेल तर माझी, शिक्षा त्यांना नको.' पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सेक्रेटरी सभ्य माणूस असावा. 'बाईसाहेब, आपली वही ही आमच्या कमिटीकडे आलेली आजवरची एकमेव खरी वही आहे. नियम आपल्याच बाजूचा आहे. परंतु शिष्टाचार वेगळा आहे. निकाल बदलता येत नाही. अक्षर उत्तम.' अक्षर उत्तम! घ्या!

आणि त्याच आठवड्यात नाथाजीभावजी दारात! हातात कंदी पेढे, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ताटाएवढी वस्तू. "सहज आल्तो बाजाराला, हळद घ्याया." साताऱ्याहून सांगलीला हळदीला ढाल घेऊन येतात का हो कुणी? पेढे मात्र नातवाचे होते, अडीच महिन्यांचा झालेला, आणि आम्हाला आत्ता कळतंय! बसले, चहा घेतला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणतात, "आवं वैनी, जिकलू मी, पर ह्या हंबीररावाचा आवाज कसा? फाइव्ह-नाइन! आन् माजा कसा येत हुता?"

तुम्हीच सांगा, पाहुणा, ह्यांचा मित्र, घरात पेढे. मी गप्प बसायला हवं होतं. पण बारा तास गप्प बसले होते ना, ते सगळं तेवढ्यात वर आलं. म्हटलं, "थ्री-थ्री, भावजी. विहिरीतून बोलल्यासारखा. मी लिहिलंय तसं."

भावजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे सावरून घेतील. तर हे म्हणतात, "तिनं लिवलंय ते खरं हाय, नाथाजी. वरीस झालं, तुजा आवाज पडलाय."

"वरीस? आन् मला सगळी फाइव्ह-नाइन, फाइव्ह-नाइन म्हंत्यात ती?"

"म्हंत्यात की. मी बी म्हनलो."

भावजी पुढच्या गाडीने गेले. हळद तशीच राहिली! चार दिवसांनी सेटवर त्यांचा आवाज आला, आणि तुम्हाला सांगते, भिंतीवरची टोपी हलेल असा आवाज! वर चढून बघितलं म्हणे, तर तार सांध्यापाशी गंजून तुटायला आलेली, एका धाग्यावर लोंबकळत होती. वर्षभर! शंभर माणसांशी बोलले, एकाने सांगितलं नाही. सगळे शिष्टाचाराचे पुतळे! "वैनींस्नी सांग," ओरडत होते, "वैनींमुळं कळलं! आता फुडल्या साली बगा, दीडशे करतू!"

करणारच! गंजक्या तारेवर एकोणऐंशी केले, आता नव्या तारेवर दीडशे करणार, आणि ढाल परत साताऱ्याला. दरसाल हरायची सोय मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात करून ठेवली.

हे मला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत, बरं का. फक्त एक झालं. धसका घेतलाय त्यांनी. खरं बोललं की बायको लिहून ठेवते, असं काहीतरी मनात बसलंय. परवा पान वाढलं, सहज विचारलं, "आमटी कशी झालीय?"

अजून पानाला हात लागलेला नाही, घास उचललेला नाही, आणि हे म्हणतात, "फाइव्ह-नाइन!"

मग भुरका मारला, माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"मीठ दे जरा."