आता मासे खायला हरकत नाही

आम्ही मूळचे देवगडकडचे. लग्न होऊन मी कांजूरमार्गच्या चाळीत आले ती इथंच राहिले, गाव आता फक्त गणपतीला. आमचे हे भांडुपला एका कारखान्यात टर्नर होते, कारखाना बंद पडला तसे मी माशांच्या जेवणाचे डबे सुरू केले. बाजार यांच्याकडे. माशाचा कल्ला उघडून ताजा आहे का बघणार, कोळणीशी हुज्जत घालणार, निवडून आणणार, साफ करून देणार. डबे चालले ते यांच्या निवडीवर, माझ्या हातावर नाही, हे मी कोणालाही सांगते.

मग यांचे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले शुगरनं किडन्या बऱ्याचशा गेल्यात, उरल्यात तेवढ्या जपायच्या, मासे मटण अंडी बंद, नाहीतर डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल. यांचा मोठा भाऊ त्याच मशीनवर असताना गेला, म्हणून हे मशीनला फार घाबरायचे. मला म्हणाले, गो, काय सांगशीत ता सोडतंय, पण माका त्या मशीनीर बसवू नको.

आता आमची अक्कल बघा. मासे बंद म्हणजे आम्हाला वाटलं माळ घातली. काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळी, कुळथाची पिठी, वरण वाटी भरभरून, अंगात ताकद नको का यायला. दहिसरची नणंद यायची ती मुगाचे लाडू घेऊन. पुढचा रिपोर्ट आला तो आधीपेक्षा वाईट. हॉस्पिटलातली आहार सांगणारी बाई, पोरगीच ती, म्हणाली, काकी, डाळीत पण प्रोटीनच असतं, ते पण मोजून द्यायचं. मेलं, हे कोणी आधी नाही सांगायचं?

मग राहिलं काय, काय सांगू तुम्हाला, भात, दुधी, पडवळ, भाजी उकळून तिचं पाणी ओतून टाकायचं, वरण चमच्यानं. आणि त्याच शेगडीवर लोकांच्या डब्याचं बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं. हे बाजार करायचे, साफ करायचे, नुसत्या वासावरनं सांगायचे मीठ कमी आहे, आणि हात धुऊन दुधीभाताला बसायचे. कधी कुरकुर नाही. मी पण मासे सोडले, मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घशाखाली जायचे नाहीत. यांचं अंग उतरलं, पँटी ढगळ झाल्या, नणंद म्हणाली भावाला माझ्या उपाशी मारतेस. मी म्हटलं, बाय, रिपोर्ट बघ. किडनीचा आकडा तिथल्या तिथं. वर्षामागून वर्षं तिथल्या तिथं, डॉक्टर पण म्हणायचे छान धरलंय काकी.

या वर्षी साधा ताप आला आणि आकडा जो चढला तो उतरलाच नाही. मशीन लागलं. खरं सांगते, मी रडले नाही, काही वाटलंच नाही, सही केली आणि खाली जाऊन चहा प्यायले.

तर ती आहारवाली परत आली. म्हणाली, काकी, आता मासे द्या, अंड्यातलं पांढरं द्या, मशीनमधून प्रोटीन निघून जातं, आता जास्त लागणार. डॉक्टरांना विचारलं, मग इतकी वर्षं सोडलं ते फुकट? ते म्हणाले, फुकट कसं, त्यामुळेच तर मशीन इतकी वर्षं लांब राहिलं. असेल. मी भांडले नाही.

घरी येऊन पापलेटची तुकडी भाजली, यांच्या ताटात वाढली. हे तिच्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, गो, आता खा म्हणतत, म्हणजे आता वाचवूक काय उरला नाय ना?

मी म्हटलं, जेवा. जेवले, गोळी घ्यावी तसे जेवले, काटा बाजूला ठेवला आणि पाणी मागितलं.

आता एक दिवसाआड मशीन आणि रोज मासा. मी पण बरोबर खाते, चव दोघांनाही लागत नाही. तुम्ही शुगर तपासून घेत जा, बाबा. तुमच्या दोन्ही किडन्या शाबूत राहोत.