तांदळाच्या ताटातलं नाव

विचारताच आहात तर सांगते, नातीच्या लग्नात मी भर हॉलमध्ये ताट का ओढलं.

लक्ष्मीपूजन झालं. सुनेचं नवं नाव अंगठीनं लिहायला नवरदेवापुढं तांदळाचं ताट आलं. पुण्याच्या विहीणबाईंनी मुलाला फर्मावलं, “गौरी लिही. मुलगी सावळी आहे, नाव तरी उजळ असू दे.”

“सावळी आहे, कारण माझ्यावर गेलीय,” मी म्हटलं.

नात हळूच म्हणाली, “मला कावेरीच राहायचंय.”

“अगं, ते अगदीच कानडी वाटतं!” विहीणबाई म्हणाल्या.

माझा मुलगा कानात कुजबुजला, “अम्मा, स्वल्प ॲडजस्ट कर ना.” पोरीचा बाप हा!

मी नातजावयाकडं वळले. “इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत एवढी माणसं तुझ्या हाताखाली. इथं वाचा बसली का रे?”

“आजी, ही नुसती पद्धत आहे.”

नुसती पद्धत? माझं डोकंच फिरलं. ताट ओढलं, त्याच्या हातातली अंगठी घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत शिकलेल्या माझ्या वाकड्या अक्षरांत एक नाव लिहिलं.

“वाच.”

“हौसा. कोण ही?”

“मी. पंधराव्या वर्षी असल्याच ताटात मला सुमती केलं. हौसा म्हणून हाक मारणारं आता एक माणूस उरलेलं नाही. माझ्या नातीचं हे होऊ देणार नाही.”

नातजावई खालमानेनं म्हणाला, “कावेरीच लिहितो,” आणि तांदूळ सारखे करायला हात घातला.

मी त्याचं मनगट धरलं. “माझं पुसायचं नाही. तुला दुसरं ताट मागव.”