चौदा नंबरच्या बरणीतला मासा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव आदरणीय भगवानराव, व्यासपीठावरील प्राचार्य शिवशंकर सर, सत्कारमूर्ती रामलिंगमामा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी शिवम्माकाकू, आणि जेवणाची वेळ होऊनही बसून राहिलेल्या सर्वांना, प्राणिशास्त्र विभागाच्या वतीने मी सिंधु नमस्कार करते.

मामांनी आमची प्रयोगशाळा बत्तीस वर्षं सांभाळली. पण शाल घेण्याआधी त्यांची एक अट आहे. "मॅडम, आधी खरं सांगा, मंग सत्कार करा. न्हाईतर मी घरी जातो." ते खरंच जातील, म्हणून सांगते.

शिरूर अनंतपाळपासून समुद्र किती लांब? तरीही समुद्राखालच्या गुहेत राहणारा एक बोटभर मासा आमच्याकडे होता. चौदा नंबरच्या बरणीत. जिवंतपणी लाल, फॉर्मलीनमध्ये पांढरा पडलेला. झाकण सैल असल्यामुळे त्या बरणीचा वास फार यायचा. एकोणीस वर्षांपूर्वी खंडेनवमीला मामांनी सगळ्या बरण्या पुसून हळदकुंकू लावलं आणि पूजेत वास नको म्हणून चौदा नंबरमधलं फॉर्मलीन ओतून स्वच्छ पाणी भरलं. दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत मासा ओळखण्यापलीकडे गेला होता.

मग मामांनी काय केलं? ज्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्या माणसानं घरणी नदीत उपरणं लावून एक मासा धरला आणि नवं फॉर्मलीन भरून बरणीत घातला. काकूंनी त्यांना दोनदा आंघोळ करायला लावली, असं समजतं.

पुढे प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरचे परीक्षक चौदा नंबरपाशी आले की नेमका चहा यायचा. आम्ही मामांच्या वक्तशीरपणाचं कौतुक करायचो.

गेल्या आठवड्यात निवृत्तीआधी चार्ज देताना मामा ती बरणी घेऊन आले. "मॅडम, ह्यो समुद्रातला न्हाई. लई दिवस झाले, मनाला खायलंय." त्यांचे डोळे भरले होते, आणि लाज मला वाटली. कारण दरवर्षी हीच बरणी हातात धरून मी मुलांना सांगत आले, "पाहा, अंधारात राहून डोळे कसे मोठे झालेत." मुलांनी वहीत मोठे डोळे काढले, मी सह्या केल्या. त्या दिवशी मी तो मासा पहिल्यांदा नीट पाहिला. डोळे साधेच आहेत.

आज सकाळी मी बरणीवरची चिठ्ठी बदलली. नमुना ज्यानं आणला, त्याचं नाव चिठ्ठीवर घालायची पद्धत असते. आमच्याकडे आजवर सगळी नावं प्राध्यापकांची. चौदा नंबरवर आता लिहिलंय: घरणी नदी, शिरूर अनंतपाळ. संकलक, रामलिंग.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना या माशावर मार्क मिळाले, ते परत घेतले जाणार नाहीत. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल तर पोटात घाला. शिकवण्यात जे चुकलं, त्याची मात्र मी हात जोडून माफी मागते.

मामा, खरं सांगून झालं. आता उठा, शाल घ्या.