कुंडीतली लाल माती

…आनि वर म्हणतो, "माजी पाठ टेकलेली नाय." म्हैनाभर पलंगावर उताणा पडलाय आमचा म्हातारा, पंख्याकडं बघत, मंग पलंगाला काय टेकलंय, बाबा?

तुमाला सांगते, आमच्या ओवे गावच्या जत्रंत लाल मातीत कुस्ती खेळायचा हा. ज्याची पाठ टेकली तो हरला, येवढंच मला कळतं त्यातलं, आनि याची कदी टेकली नाय. शेवटी पडला कुटं? रोडपालीच्या फ्लॅटात, बाथरूममदी, साबनावरून! खुबा मोडला. डाक्टरनं नवा बसवला, म्हणाला, उबं राहा, नायतर पाय कायमचे जातील. व्यायामवाली पोरगी येते, गोड गोड बोलते, "आजोबा, ट्राय करू या ना…" आजोबा भिंतीकडं तोंड करून. सून रंजिता म्हणते, "आई, बाबा जेवत पण नाहीत हो." मी आपली हसते… मोरीत जाऊन डोळे पुसते, ते सोडा.

मंग एक दिवस बाल्कनीतल्या कुंडीची माती काढली, परातीत घेतली, हळद टाकली, ताक शिंपडलं, आखाड्यात टाकतात तसं, आनि परात ठेवली त्याच्यासमोर स्टुलावर. रंजिता म्हणते, "आई, माझ्या टाइल्स…" म्हटलं, गप. पदर खोचला आनि या मांडीवर फाडकन शड्डू ठोकला.

"भगवान पैलवान, ओव्याची माती आनलीय. खेळता, का पाठ टेकली?"

आता याचा जुना नेम, माती कपाळाला लावायची ती उबं राहूनच. बघत राहिला परातीकडं. कुशीवर वळला. बसला. पाय खाली सोडले, माजा खांदा धरला आनि उबा राहिला, थरथरत, मी पन थरथरत, कोन कोनाला धरलंय कळंना… चिमूटभर माती घेतली, नाकाशी नेली.

"हौसे, ही ओव्याची नाय. गुलाबाच्या कुंडीतली हाय."

"वळखलंत, तर बसायचं परत. उबे कशाला राहिलात?"

"समोर जोडीदार उबा राहिला का पडून राहायचं नसतं," म्हणाला, आनि ती माती माज्याच कपाळाला लावली.



आता रोज सकाळी मी शड्डू ठोकल्याबिगर साहेब पलंग सोडत नाय. मांडी काळीनिळी झालीय माजी. दुपारी जरा आडवी होते, तर हा काठी टेकत टेकत येतो, वाकून बघतो, "काय हौसे, पाठ टेकली?"

टेकली, बाबा, टेकली.