मागचा डावा सड

— तो नको, चंद्रप्रकाशभाऊ, तो सड नका दाबू. त्यातून काही येत नाही. बाकीचे तिन्ही बघा ना, पिळून बघा हवं तर, पण मागचा डावा गेला. आधीच सांगते — म्हैस विकायला काढली म्हणून खोटं कशाला बोलू? ह्या अंधेरीत आता तबेले उरलेत किती, त्यात तुम्ही व्यापारी माणूस, हात लावल्या-लावल्या तुम्हाला कळणारच.

सुया? दिल्या ना. दोनदा कास सुजली, दोनदा दिल्या. सुया चालू असल्या की सगळं दूध गटारात — आमचे हे, काशीराम — आता नाव घ्यायला कोण अडवतंय — एक थेंब विकू द्यायचे नाहीत. तिसऱ्यांदा सुजली तेव्हा सुई लागूच पडेना. गार्गी डॉक्टरीण दूध तपासायला घेऊन गेली, म्हणाली, मावशी, हिच्यावर ही औषधं आता चालत नाहीत. तिनेच लेप सांगितला. कोरफड, हळद, थोडा चुना — हळदीत चुना पडला की लाल होतं बघा, कुंकू असंच करायचे पूर्वी — आणि दिवसातून दहा वेळा. दहा! दर वेळी सड पिळून खराब दूध काढून टाकायचं, कास धुवायची, मग लेप. मी वाटायची, हे लावायचे. चौथ्या दिवशी गाठ मऊ पडली, दुधातल्या गुठळ्या कमी झाल्या. झकास चाललं होतं.

ह्यांचा पाय पत्र्याने कापलेला, त्यावर फडकं बांधून बसायचे लेप लावत. पाचव्या दिवशी ताप भरला, हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस. त्या दोन दिवसांत पण मी मध्ये धावत येऊन हिला लेप लावून जायची. तिथला डॉक्टर पण तेच बोलला — औषधं चालत नाहीत. तेच शब्द. माझ्या तोंडून निघालं, मग ह्यांना काय लावू? तो पुढच्या खाटेकडे गेला.

मग दहा दिवस सुतक. सुतकातल्या बाईने गोठ्यात जायचं नाही, दुधाला हात लावायचा नाही, रीतच आहे आमच्यात. शेजारचा यज्ञेश धार काढून जायचा. दुखऱ्या सडाला हात लागला की ही लाथ मारायची, म्हणून तो तेवढा सड सोडून द्यायचा. दूध आतल्या आत साचलं. ही ओरडायची, आणि मी इथेच, ह्या भिंतीपलीकडे बसलेली. रीतच आड आली, दुसरं काय —

काय? सासूबाई? नाही हो, त्यांनी कशाला अडवलं असतं. म्हातारी दुसऱ्याच दिवशी म्हणाली, मुक्या जनावराक कसला सुतक, उठ गो, जा. यज्ञेश पण दारात येऊन विचारून गेला, काकी, त्या सडाचं काय करू? मी बोललेच नाही. बसून ऐकत राहिले. वाटलं, हिलाच का लेप मिळावा? हिनेच का बरं व्हावं? — हे तुम्हाला कशाला सांगतेय मी. अकराव्या दिवशी गेले तेव्हा सड दगड झालेला. वाईट वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. ह्यांच्यासाठी पण अजून रडू आलं नाही, बायका येऊन माझ्या तोंडाकडे बघून जातात.

न्या तुम्ही. तीन सडांची म्हैस कुठल्या दारात जाते ते ठाऊक आहे मला, तबेल्यात बांधणार असं उगाच सांगू नका. विचारलं का मी? नाही ना.

काय म्हणता? पुढचा डावा? गरम कसा असेल, सकाळीच तर मी धार काढली, सूज नव्हती — सरका. सरका जरा. थांब गं, थांब, लाथ नको मारू, मीच आहे.

— दोर सोडा, भाऊ. नाही विकायची. कारण-बिरण काही नाही, दोर सोडा म्हटलं ना. आणि जाताना तेवढं आमच्या म्हातारीला दारातून ओरडून सांगा, हळद काढून ठेव म्हणावं.