घडी घालू नका

...नाही, तुम्ही हसणारच! कारण तुम्ही बाकूला जाऊन आलात. ईदची सुट्टी लागली की अख्खं कुवेत उठून बाकूला जातं, केबल कारमध्ये बसतं, चहा पितं, बर्फात दात काढून फोटो काढतं आणि रविवारी मुकाट्यानं ड्यूटीवर हजर होतं. मीही तेच म्हणत होतो हो! तुम्हाला सांगतो, हात जोडून म्हणत होतो, वीणा, बाकूला जाऊ! तर आमची वीणा म्हणते, "बाकूला काय, सगळेच जातात." आता सगळे जातात म्हणूनच जायचं ना? सगळे परत येतात म्हणून!

आणि ह्याला जबाबदार कोण? तुम्ही. आपलं मराठी मंडळ. करोनाच्या आदल्या वर्षी तो कार्यक्रम ठेवलात ना, 'आमचा प्रवास'? अनिकेतनं जॉर्जिया दाखवलं, रसिकानं उझबेकिस्तान दाखवलं, आणि आमची बायको घरी जाताना गाडीत एक शब्द बोलली नाही. वीणा गप्प बसली की मला घाम फुटतो. घरात पाऊल टाकलं आणि चिरंजिवांना विचारते, "सुमेध, मंडळातलं कुणीच गेलेलं नाही असा देश कुठला रे?" त्यानं मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "नॉर्थ कोरिया, ममा. लाइक, नोबडी गोज देअर. बीजिंगवरून ट्रेन आहे."

ट्रेन! झालं, तिथेच मी संपलो. अहो, आपल्या कुवेतमध्ये काय नाही? सगळं आहे, ट्रेन तेवढी नाही. आणि हिचे वडील रेल्वेत, मिरजेच्या क्वार्टरमध्ये हिचा जन्म, इंजिनाची शिट्टी ऐकल्याशिवाय हिला लहानपणी झोप लागायची नाही म्हणे. सुमेध परीक्षेचं कारण सांगून अलगद सुटला. मी कुठलं कारण सांगणार? मी नवरा.

रजेचा अर्ज घेऊन आमच्या हॉस्पिटलच्या यूसुफकडे गेलो. इकामा म्हणजे राहायचा परवाना, रजा, पासपोर्ट, सगळं तोच बघतो. त्यानं वाचलं, 'कोरिया', आणि खूश झाला. म्हणाला, "सॅमसंग!" मी म्हटलं, नाही रे बाबा, त्याच्या वरचा. त्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याला माझा एक्स-रे दाखवतोय आणि त्यात काहीतरी निघालंय. मग हळूच म्हणाला, "लेश, लक्ष्मीकांत? बाकू माफी?" म्हणजे, का रे बाबा, बाकू नाही का? बघा! त्या अरब माणसाला कळतं, माझ्या बायकोला कळत नाही!

बरं, गेलो. बीजिंगहून रात्रभर ट्रेन, वीणा खिडकीला नाक लावून बसलेली, सुखात. चीनचं शेवटचं स्टेशन आलं, मग नदी, नदीवर पूल, आणि पूल ओलांडला की... शांतता. गाडी उभी. सैनिक चढले. मोबाइल बघितले, कॅमेरा बघितला, माझं रेल्वेत वाचायला घेतलेलं दिवाळी अंकाचं बाड उलटं धरून पानन्‌पान बघितलं. मग वीणाची पिशवी. तुम्हाला माहितीये, ही बाई हज्जार मैल गेली तरी लोणच्याची बाटली बरोबर असते. कॉफीची रिकामी बाटली, त्यात कैरीचं लोणचं, तेल झिरपू नये म्हणून कागदात गुंडाळलेली. सैनिकानं हुंगली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि ठेवून दिली. मी मनात म्हटलं, बाकूला कुणी लोणचं हुंगत नाही.

तिकडे आमचा गाइड, मिस्टर पाक. अत्यंत सज्जन माणूस. आमचे पासपोर्ट त्यानं पहिल्याच मिनिटाला घेतले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. का, तर सांभाळायला. मग नियम. सैनिकाचा फोटो काढू नका. हॉटेलबाहेर एकटे पडू नका. पुतळ्याचा फोटो काढाल तर पूर्ण काढा, पाय तुटता कामा नयेत. मी मान डोलावतोय. आणि मग त्यानं आम्हाला तिथलं इंग्रजी वर्तमानपत्र दिलं... दोन्ही हातांनी, प्रसाद दिल्यासारखं. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो. त्यांचे मोठे साहेब हो, कळलं ना कुठले? तर मिस्टर पाक म्हणाले, "प्लीज, ह्या फोटोवर घडी घालू नका. चुरगाळू नका. कचऱ्यात टाकू नका. त्यावर काही ठेवू नका."

आता तुम्हीच सांगा, वर्तमानपत्रानं आणखी काय करायचं असतं? आपल्या घरात पेपर वाचतात किती आणि वापरतात किती? मी वीणाकडे बघितलं, ती मान डोलावत होती. पण वीणाची मान ना... ती खिडकीबाहेर बघतानाही डोलते!

चार दिवस सुखरूप गेले. रुंद रस्ते, मुलांची गाणी, पुतळ्यापुढे फुलं. मी एकही पाय तोडला नाही. निघायच्या दिवशी मिस्टर पाकनी स्टेशनवर पासपोर्ट परत दिले, मी ते छातीशी धरले, गाडी सुटली, पाक हात हलवतायत, वीणाच्या डोळ्यांत पाणी... आणि मला आठवलं, हॉटेलच्या टेबलावरचं ते वर्तमानपत्र कुठाय?

म्हटलं, वीणा, तो पेपर?

म्हणते, "वापरला."

वापरला? कशाला वापरला? पण तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या कुणीतरी मला बिस्कीट दिलं, त्याच्याकडे बघून हसावं लागलं, आणि पुढे मला विचारायचीच हिंमत होईना. हजार गोष्टी डोक्यात यायला लागल्या. आणि मग दिसली... पिशवीतून डोकावणारी बाटली. कागदात गुंडाळलेली. वर तेलाचा डाग. नेमका साहेबांच्या गालावर असणार तो डाग, मला दिसतच होता!

आणि गाडी सीमेवर थांबली. पूल समोर. पुलाच्या पलीकडे चीन, चीनच्या पलीकडे आमचं हॉस्पिटल, माझं एक्स-रे मशीन, सुमेध, सगळं. आणि मध्ये एक लोणच्याची बाटली. म्हटलं कागद काढून टाकावा, तर टाकायचा कुठे? खिडकी उघडत नाही. संडासाला कुलूप, स्टेशनात उघडत नाहीत म्हणे. मी शपथेवर सांगतो, तो कागद खाऊन टाकायचा विचार माझ्या मनात आला. तेल लागलेला होता, गेलाही असता. आणि ही बाई काय करते? शांतपणे बोटं मोडते!

सैनिक चढला. तरणाताठा पोरगा. माझ्या मोबाइलमधला एकेक फोटो बघितला, दोन पुसले, आणि वळला पिशवीकडे. बाटली उचलली. मी वीणाचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत धरला असेन, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की हिला काही होऊ नये. मला ठेवून घ्या, हिला पुलापलीकडे जाऊ द्या.

त्यानं कागद सोडवला, पसरला... आणि थांबला.

कांदे! फ्रोझन चिकन! धुण्याचं मशीन! अहो, आपल्या जमियाच्या दुकानाचं ईद ऑफरचं पत्रक होतं ते, कुवेतहून निघतानाच हिनं गुंडाळलेलं! मला रडू यायचं बाकी होतं. तो पोरगा मात्र बघतच राहिला. त्यानं दुसऱ्याला हाक मारली. दोघं वाकून बघतायत. मग एका पिवळ्या फळावर बोट ठेवून त्यानं वीणाकडे बघितलं.

वीणा म्हणाली, "आंबा."

तो म्हणाला, "आम्बा." दोनदा म्हणाला.

मग त्याला आठवण झाली असावी की आपण सैनिक आहोत. छापील काही बाहेर नेता येत नाही की काय, ते त्यानं हातवारे करून सांगितलं, पत्रकाची व्यवस्थित घडी घातली... कांद्यावर घडी चालते... खिशात टाकलं, आणि उतरून गेला. सुटकेसला हातही नाही लावला.

पूल ओलांडला. चीनमध्ये मी आधी पोटभर पाणी प्यायलो. मग विचारलं, अगं, मग तो पेपर कशाला वापरलास? तर म्हणते, "सुटकेसच्या तळाला अंथरला की. घडी घालू नका म्हणाले ना ते? घातली नाही मी. सपाट ठेवलाय."

सपाट! बरोबर होतं तिचं, एकही घडी नव्हती. साहेब होते तसे उताणे, हसतमुख... आणि त्यांच्या तोंडावर माझे बूट. तेही आम्ही त्यांच्याच देशातून त्यांच्याच सैनिकाच्या नाकाखालून घेऊन आलो. अरे, बाकूला गेलो असतो तर बूट पायात असते हो!

पुढच्या कार्यक्रमात वीणानं स्लाइड दाखवल्या, तुम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्यात. आणि तो पेपर? म्हटलं टाक, तर म्हणते, "पाकभाऊंनी दोन्ही हातांनी दिलाय, टाकू नका म्हणालेत." पाकभाऊ! आणि खोटं कशाला बोलू, मलाही टाकवेना. आम्ही सालमियाचं घर सोडून मंगाफला आलो तेव्हा सामान टेंपोतून आणि हा पेपर आमच्या दोघांच्या हातात, चार कोपरे धरून, लिफ्टमध्ये आडवा. कारण घडी घालायची नाही. आता घडी न घालता पेपर राहील अशी सपाट जागा मंगाफच्या दोन खोल्यांत कुठे असते? एकच. गादीखाली. माझ्या बाजूला.

तेव्हापासून मी उताणा झोपतो. सरळ. कूस बदलत नाही... गादीला घडी पडली तर काय घ्या!